सुरगाठीचं फूल

मी फुलं करते असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "नर्सरी कुठे आहे तुमची?" मग मी सांगते, रिबिनीची फुलं. त्यावर "अच्छा, बो होय!" असं म्हणताना त्याचा चेहरा थोडा उतरतो. गुलाब लावले असते तर जरा मान मिळाला असता. पण या रिबिनीच्या फुलांनी मला अर्धं आयुष्य गुंतवून ठेवलं, आणि उजव्या अंगठ्याला कायमचं दुखणं दिलं. त्यामुळे मी याला छंद म्हणू देत नाही. कुणी म्हणालंच तर मी त्याला ऑफिसात जायचा छंद कधीपासून आहे ते विचारते.

माझं माहेर नारायण पेठेतलं आणि सासर विश्रांतवाडीचं. लग्न ठरलं तेव्हा आत्या म्हणाली होती, "म्हणजे इतक्या लांब, आळंदीलाच दिली की!" इथे आल्यावर दुपारी वेळ असायचा आणि गरजही होती. काम कसं सुरू झालं याची कहाणी याहून मोठी नाही. कोपऱ्यावरच्या भेटवस्तूंच्या दुकानात खोक्यांवर लावायला फुलं देऊ लागले. तिथून रुखवत, बारसं, लग्नाची गाडी, दुकानांची उद्घाटनं असं वाढत गेलं. रिबीन मात्र आजही मी स्वतः रविवार पेठेत जाऊन, बोटांत धरून, चुरगाळून घेते. फोटो बघून रिबीन मागवणं मला जमत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय आहे, बुटाची लेस सगळ्यांनाच बांधता येते. खरं आहे. लेस बांधता येणाऱ्याला माझं अर्धं काम येतं. उरलेल्या अर्ध्यात पहिली अडचण अशी की साटीनच्या रिबिनीला सुलट आणि उलट असते. एक बाजू चमकते, दुसरी मळकट दिसते. पाकळी वळवली की उलट बाजू बाहेर येते. म्हणून दर पाकळीला अंगठ्याखाली रिबिनीला एक पीळ द्यायचा, म्हणजे चमक बाहेरच राहते. हे सगळे पीळ एकाच अंगठ्याखाली दाबून धरायचे आणि दुसऱ्या हाताने मधोमध बांधायचं. शेवटी टोकं तिरकी कापून मेणबत्तीवरून हलकेच फिरवायची, म्हणजे धागे निघत नाहीत. जरा जास्त जवळ गेलं की कड काळी पडते, आणि शुभकार्यात काळी कड दिसली की मुलाकडचे लोक अचानक बारकाईने बघायला लागतात.

दुसरी गोष्ट गाठीची. आम्हाला शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाईंनी दोन गाठी शिकवल्या होत्या. एक सुरगाठ, जी टोक ओढलं की सुटते. दुसरी निरगाठ, जी ओढलं की आणखी घट्ट होते. माझं फूल नेहमी सुरगाठीचं. आता बाजारात जी तयार फुलं मिळतात ती सुटत नाहीत, कारण ती बांधलेलीच नसतात. ती चिकटवलेली असतात. माझी सून बंदुकीसारखं एक यंत्र घेऊन बसते, त्यातून गरम गोंद निघतो, आणि तिची पाच फुलं होईपर्यंत माझं एक होतं. दिसायला तिची बरी दिसतात, हे मी कबूल करते. पण ज्याला भेट मिळते त्याने टोक ओढावं, फूल अलगद उलगडावं आणि आतला कागद दिसावा, ही गंमत गोंदात नाही. ती म्हणते, "आई, लोक फाडूनच उघडतात." तेही खरंच आहे. माझ्या कामाची हीच गोम आहे, लोक ते वापरतात म्हणजे मोडतात. याचं मला पूर्वी वाईट वाटायचं, आता वाईट वाटतं ते फाडण्याचं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक बाई तक्रार घेऊन आल्या, "अहो, तुमची गाठ सुटली!"

"कधी सुटली?" मी विचारलं.

"भेट उघडताना."

मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काय देणार?

हिंजवडीतल्या एका मुलाने वडिलांना गाडी घेऊन दिली आणि तिच्या बॉनेटवर लावायला फूल सांगितलं. परदेशी फोटोत असतं तेवढं मोठं. ते रिक्षात मावेना, म्हणून मी ते मांडीवर घेऊन बसने निघाले. मी फुलाच्या मागे पूर्ण दिसेनाशी झाले होते. कंडक्टर म्हणाला, "मावशी, फूल तुमचं आहे का तुम्ही फुलाच्या?" मी म्हटलं, "अर्धं तिकीट कुणाचं लावताय ते सांगा, मग ठरवू." एका डोहाळजेवणाला मुलीला काळी फुलं हवी होती, 'थीम' म्हणून. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिला फूस लावली. शेवटी गडद जांभळ्यावर तह झाला. दोघीही नाराज झाल्या, म्हणजे रंग बरोबर निवडला होता.

पण आज लिहायला बसले ती हडपसरच्या जगतापांची गोष्ट सांगायला.

दसरा जवळ आला होता. एक तिशीची मुलगी स्कूटरवरून आली. नाव रेश्मा जगताप. हाताला वॉर्निशचा वास होता. तिच्या शेजारच्या कुणीतरी माझं नाव सांगितलं होतं.

"काकू, दुकानाच्या उद्घाटनाला फीत हवी आहे. मध्ये मोठं फूल. पण ती कापायची नाहीये, सोडायची आहे."

"कात्री आणायला विसरणार आहात का?" मी विचारलं. पेठेतली सवय, जाता जात नाही.

ती हसली आणि बसली. तिचे वडील, अण्णा, जन्मभर मोटरी भरायचे. मोटर जळली की आतली तांब्याची तार काढून नवीन गुंडाळायची, त्याला मोटर भरणं म्हणतात. दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये हाताखाली काम करतच त्यांचं आयुष्य गेलं. रेश्मा त्यांच्याकडेच शिकली आणि आता स्वतःचं दुकान टाकत होती. उद्घाटन अण्णांच्या हातून करायचं ठरलं होतं, आणि त्यांची एकच अट होती, फीत कापायची नाही.

"का पण?"

"ते म्हणतात, आपला धंदा अख्ख्या तारेचा आहे. मध्ये तुटली तर सांधा येतो, आणि सांधा आला की मोटर तिथेच तापते. सुरुवातच कात्रीने नको."

मला हे आवडलं. एवढं सरळ कारण फितीबद्दल आजवर कुणी दिलं नव्हतं. मी लगेच रंग दाखवायला लागले, तेवढ्यात तिने आवाज खाली आणला.

"काकू, एक प्रॉब्लेम आहे. अण्णांना कंपवात आहे. उजवा हात सारखा थरथरतो, पकड राहिलेली नाही. त्यांनी काम सोडलं. चारचौघांत चहासुद्धा घेत नाहीत. काका म्हणतात, कुणीतरी पुढारी बोलवा, अण्णांना नुसतं शेजारी उभं करा. पण मला जे येतं ते सगळं त्यांच्या हाताचं आहे. त्यांनीच ओढायला हवं. आणि तिथे सगळ्यांसमोर अडकलं ना, तर ते पुन्हा दुकानात पाय ठेवणार नाहीत. मी ओळखते त्यांना."

"मग सोपी गाठ पाहिजे."

"एका ओढीत सुटणारी. आणि सोपी केलीय हे त्यांना कळता कामा नये. आईलाही सांगितलेलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही."

मी हो म्हटलं आणि कामाला लागल्यावर कळलं की हे हिंजवडीच्या फुलापेक्षा अवघड आहे. साटीन इतकी गुळगुळीत की फीत दोन खांबांमध्ये जरा ताणली की फूल आपणहून उलगडायचं. आडव्या रेघांची खरखरीत रिबीन घेतली तर गाठ छान बसायची, पण सुटायला जोर लागायचा. दाराच्या दोन कड्यांना फीत बांधून मी आमच्या ह्यांना डाव्या हाताच्या दोन बोटांनी ओढायला लावायचे. ते पेपर बाजूला ठेवून उठायचे, ओढायचे आणि परत बसायचे. एकदा म्हणाले, "इतकी उद्घाटनं तर मंत्र्यालासुद्धा करावी लागत नाहीत." अखेर एका बाजूची फीत साटीनची आणि दुसऱ्या बाजूची खरखरीत, असं केलं. दोन्हींचा रंग तोच, डाळिंबी. खरखरीत बाजूने गाठ धरून ठेवली, आणि साटीनचं टोक ओढलं की ते तिच्यावरून अलगद घसरायला लागलं. टोकाला एक लाकडी मणी शिवला. लोकांना ती सजावट वाटावी, अण्णांच्या बोटांना धरायला काहीतरी मिळावं.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी अण्णा स्वतःच घरी आले. सोबत त्यांची बायको, शालनताई. अंगाने बारीक माणूस, पांढरा सदरा, उजवा हात विजारीच्या खिशात. तो त्यांनी बाहेर काढलाच नाही. शालनताईंनी दोघांच्या वाटणीचं बोलून घेतलं. पोरगी कशी हुशार, लग्नाचं बघतोय पण ऐकत नाही, दुकानाचं भाडं किती, सगळं. अण्णा डाव्या हाताने माझी फुलं उलटीपालटी करून बघत होते. एका फुलाच्या पाकळ्या वर करून त्यांनी आतली गाठ पाहिली.

"ताई, पीळ कशापायी दिला?"

"चमक बाहेर राहावी म्हणून."

"आमचं बी तसंच हाय. कॉइल भरून झाली की दोऱ्यानं बांधायची, वॉर्निश पाजायचं. आत काय हाय ते कुनालाच दिसत न्हाई. पर बांधनी ढिली असली तर मोटर घुमते. तिचा आवाजच सांगतो कुनी भरली ते."

"मोटरीच्या आवाजावरून तुमचं काम ओळखायचे का लोक?"

"आवाज येत नसला की म्हनायचे, जगतापानं भरली."

हे सांगताना ते पहिल्यांदा हसले. मी चहा आणला. शालनताईंनी घेतला, त्यांनी नको म्हटलं. खिशातला हात कापडासकट हलत होता, आणि आम्ही तिघं मिळून दुसरीकडे बघत होतो. मी त्यांना फितीचं फूल दाखवलं. त्यांनी मणी बोटांत धरून पाहिला, माझ्याकडे एकवार पाहिलं आणि "झ्याक हाय" म्हणून ठेवून दिलं. ते गेल्यावर मी बराच वेळ तो मणी जास्त मोठा तर झाला नाही ना, याचा विचार करत बसले.

दसऱ्याला मी सकाळीच हडपसरला पोचले. मुख्य रस्त्यापासून जरा आत, दोन गाळ्यांमध्ये रेश्माचं दुकान. शटरला झेंडूचं तोरण, बाहेरच्या दोन खांबांना झेंडूच्या माळा, आत टेबलावर हळद-कुंकू लावलेले पाने, पक्कड, मीटर, आणि मधोमध एक मोटर. रेश्माने ती आदल्या दिवशी भरली होती. उद्घाटन झालं की अण्णांनी बटण दाबून ती चालू करायची, असं ठरलं होतं. मी दोन खांबांना फीत बांधली, मुद्दाम जराशी सैल, मध्ये फूल. मणी खाली लोंबत ठेवला. गल्लीतून टेम्पो गेला की फूल थोडं हलायचं, पण गाठ पक्की होती, मी ती दहादा पाहिली होती. मग हात धुवायला शेजारच्या घरी गेले, तिथे त्यांनी आग्रहाने बसवून घेतलं.

परत आले तर माणसं जमली होती. नातेवाईक, शेजारचे दुकानदार, अण्णांबरोबर काम केलेले दोनचार जण. फोन वर धरलेले. अण्णा पुढे आले. उजवा हात खिशात, डावा रेश्माच्या खांद्यावर. भटजींनी मंत्र म्हटले, कुणीतरी म्हणालं, "ओढा आता." अण्णांनी उजवा हात बाहेर काढला.

तो एवढा थरथरत असेल याची मलाही कल्पना नव्हती. मणी दोनदा बोटांतून निसटला, तिसऱ्यांदा सापडला. त्यांनी ओढलं. फूल जागेवर राहिलं. पुन्हा ओढलं, तर सगळी फीत पुढे ताणली गेली आणि खांबावरची झेंडूची माळ हलली. फूल काही सुटेना.

 मी पुढे सरकून पाहिलं. फुलाच्या दोन मोठ्या पाकळ्या एकमेकींत अडकवून त्यांची आणखी एक गाठ मारलेली होती. शाळेत जाणाऱ्या पोराची लेस सुटू नये म्हणून आई मारते ना, तशी. चांगली आवळून.

शेजारी शालनताई उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ताई, म्या मारली वो," त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या. "ते फूल वाऱ्यानं हलत व्हतं. आधीच सुटलं असतं तर अपशकुन नसता का झाला? म्हनलं, पोरीच्या दुकानाला काही नको." त्या बिचारीला कुणी काही सांगितलंच नव्हतं. गुपित ठेवण्यात आम्ही दोघी इतक्या हुशार निघालो होतो.

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, कात्री घ्या की!" एका पाहुण्याने खरंच कुठून तरी कात्री काढून रेश्माच्या हातात दिली. तिने ती घेतली, माझ्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. मी पुढे होणार, पटकन दोन बोटं घालणार आणि मोकळं करणार, एवढ्यात अण्णा म्हणाले, "थांबा. कुनी हात लावायचा न्हाई."

त्यांनी ओढणं सोडून दिलं. डाव्या हाताने फूल वर उचललं, पाकळ्या बाजूला करून आत पाहिलं, आणि मान न वळवता म्हणाले, "ताई, ही तुमची न्हाई. तुमची एका बोटानं सुटली असती. परवाच बघितली व्हती मी."

 रेश्माने खाली पाहिलं.

"मग कुनाची?" अण्णांनी विचारलं.

"माझी," शालनताई म्हणाल्या.

"वाटलंच," अण्णा म्हणाले, आणि लोक हसले. ते हसणं ऐकून मला जरा श्वास घेता आला.

मग त्यांनी उजव्या हाताची बोटं गाठीवर टेकवली. निरगाठ बळाने सुटत नाही. ओढलं की ती आवळते. पाकळी उलट आत ढकलायची, हलवायची, पुन्हा ढकलायची. हे मला ठाऊक होतं, आणि मला वाटलं होतं त्या जमावात मलाच ठाऊक आहे. अण्णांचा अंगठा पाकळीच्या मुळाशी टेकला आणि तिथेच थरथरत राहिला. मी तो हात थांबायची वाट बघत होते. तो थांबला नाही, आणि थांबायची गरजही नव्हती. त्या बारीक थरथरीने पाकळी आत सरकू लागली. आधी दिसलंच नाही. मग रिबिनीवरची एक चुणी उलगडली, मग दुसरी. डाव्या हाताने ते फूल नुसतं धरून होते, बाकीचं काम थरथरणारा हात करत होता. घाई नाही की जोर नाही.  फोन वर धरलेले हात हळूहळू खाली आले होते, लोक नुसते बघत होते. अण्णांबरोबर काम केलेला एक म्हातारा स्वतःचीच बोटं हवेत हलवत होता, जणू गाठ त्याच्याही हातात आहे.

पाकळ्या एकमेकींतून निघाल्या. अण्णांनी मणी धरला आणि ओढला. फीत दोन्ही खांबांकडून खाली पडली.

मला रडू आलं. इतकी वर्षं लोकांना सहज सुटतील अशी फुलं बांधत आले आणि माझ्या फुलाकडे कुणी इतका वेळ बघितलं नव्हतं. रेश्माने कात्री पाहुण्याच्या हातात परत दिली आणि वडिलांच्या पाया पडली. टाळ्या वाजायला लागल्या. शेजारच्या गाळ्यातला दुकानदार आनंदाने ओरडला, "सुटली, सुटली! आपोआप सुटली बघा!"

अण्णा त्याच्याकडे वळले. उजवा हात तसाच सगळ्यांसमोर थरथरत होता, आणि डाळिंबी रिबिनीचं टोक त्या हातात होतं.

"सुटली न्हाई," ते म्हणाले. "सोडवली."